दप्तरात व्हेप सापडलं, आता शाळेने काय करायचं?

प्रश्न असा आहे: "नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं. गेल्या वर्षीपर्यंत अभ्यासात बरा होता. गेले चार महिने पहिल्याच तासाला बाकावर डोकं ठेवून झोपतो, कुणाशी धड बोलत नाही, मधल्या सुट्टीत गायब असतो. संस्थाचालक म्हणतात, दाखला हातात द्या. वर्गशिक्षिका म्हणतात, याला आतून काहीतरी होतंय. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात. शाळेने नेमकं काय करावं? आणि व्यसन, मानसिक आजार हे शाळेचं काम आहे का?"

मी २३ वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते आहे. माझं पहिलं सांगणं एवढंच, की तुमच्या वर्गशिक्षिकेचं ऐका. चार महिने त्या मुलाकडे रोज कुणी बघत असेल तर त्याच. व्हेप आज सापडलं, पण मुलगा चार महिन्यांपासून हळूहळू हातातून निसटतोय, आणि ते त्यांच्या नजरेला आलं आहे.

आधी दाखल्याचं बोलू. शाळेतून काढलेला मुलगा दिवसभर मोकळा होतो. त्याच्यावर नजर असणारी मोठी माणसं कमी होतात आणि वस्तू ज्यांच्याकडून मिळाली त्यांच्याबरोबरचे तास वाढतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने 'शून्य सहनशीलता' धोरणांचा आढावा घेऊन २००८ मध्ये जो निष्कर्ष छापला त्याचं सार हेच होतं: सरसकट काढून टाकण्याने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही आणि काढलेल्या मुलांचं पुढचं शिक्षण मात्र तुटतं. पण मला जास्त काळजी वाटते ती मागे राहिलेल्या मुलांची. एका शाळेत सहलीला जाण्याच्या आदल्या दिवशी एक मुलगी स्वच्छतागृहात पडली. दारू प्यायली होती. मैत्रिणींनी आतून कडी लावली आणि चाळीस मिनिटं तिच्या तोंडावर पाणी मारत बसल्या. का, तर महिन्यापूर्वी दोन मुलांना काढलं होतं. त्या मुली वाईट नव्हत्या. मैत्रिणीचं वर्ष वाचवायचं म्हणून त्या तिचा जीव पणाला लावत होत्या, आणि हे गणित त्यांना शाळेनेच शिकवलं होतं. मुलगी वाचली. त्या आठवड्यात शाळेने नियमात एक ओळ घातली: मित्राला बरं नाही म्हणून जो मोठ्यांना हाक मारेल, त्याच्यावर आणि त्या मित्रावर त्या प्रसंगासाठी कारवाई होणार नाही. तुमच्या नियमावलीत ही ओळ नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती घाला.

याचा अर्थ परिणाम काहीच नको असा नाही. वस्तू जप्त करा, घरी कळवा, वर्तनाबद्दल लेखी करार करा. मात्र शिक्षा करणारा माणूस आणि मदत करणारा माणूस एक नको. मुख्याध्यापकांनी नियम सांगावा आणि बाजूला व्हावं. बोलायला दुसऱ्या कुणी बसावं.

नशेत असलेला मुलगा सापडला तर ती आधी वैद्यकीय बाब आहे, चौकशी नंतर. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून झोपवा, एकटं सोडू नका, उलटी करवू नका, 'झोप काढली की उतरेल' म्हणून खोलीत ठेवू नका, रुग्णवाहिका बोलवा आणि जे काही घेतलं त्याची बाटली, पाकीट, उपकरण डॉक्टरांना दाखवायला सोबत द्या. श्वास अगदी मंद, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर अफूवर्गीय पदार्थाचा संशय घ्या. नॅलोक्सोन (अशा पदार्थांचा असर उतरवणारं औषध) उपलब्ध असेल तर द्या, पण त्याचा असर ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णालय चुकवू नका. आणखी एक गोष्ट फार कमी शिक्षकांना माहीत असते. हुंगण्याच्या द्रव्यांची नशा केलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याच्यावर ओरडू नका. त्या अवस्थेत दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाची लय बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. शांत आवाजात बोला, बसवा, दारं-खिडक्या उघडा.

तुमच्या मुलाचं तसं नाही. त्याच्याशी बोलायचं आहे. कुणी बोलायचं? ज्याच्याशी तो आधीपासून दोन वाक्यं बोलतो, त्याने. ते समुपदेशकच असले पाहिजेत असं नाही. खेळाचे सर असतील, ग्रंथपाल असतील. समुपदेशक त्या व्यक्तीला तयार करून देऊ शकतात.

असा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. स्वेटरच्या बाहीचं टोक तळहातात ओढून घ्यायचा, सोडायचा, परत ओढायचा. मी व्हेपचं नाव काढलं नाही.

"काल रात्री झोप लागली का?"

"नाही."

"किती वाजेपर्यंत जागा होतास?"

"चार." थोड्या वेळाने, "रोजच."

"आणि मग ते ओढल्यावर काय होतं?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. त्याला वाटलं होतं, का ओढतोस असं विचारतील. "डोकं गप्प बसतं, मॅडम."

"किती वेळ?"

हे त्याने मोजलं नव्हतं. "तासभर. नाही... तेवढंही नाही."

मग मी विचारलं, सोडावंसं किती वाटतं, शून्य ते दहात सांग. तो म्हणाला तीन. इथे आपण मोठी माणसं हमखास चुकतो. "फक्त तीन? दहा का नाही?" असं विचारलं की मुलगा न सोडण्याची कारणं मोजायला लागतो आणि स्वतःच्याच तोंडून ती ऐकून पक्का होतो. मी उलट विचारलं, "तीन म्हणालास. शून्य का नाही म्हणालास?" बराच वेळ तो बोलला नाही. बाही सोडून दिली. म्हणाला, "माझ्या धाकट्या बहिणीने बघितलं मला. ती कुणाला बोलली नाही. पण आता माझ्या खोलीत येत नाही."

हा प्रश्न माझा नव्हे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसाठी मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवलेली ही संवादपद्धत आहे. तिचं मर्म असं, की बदलाची कारणं आपण सांगायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. किशोरवयात हे दुपटीने खरं ठरतं, कारण या वयात मोठ्यांनी दिलेलं कारण हे मोठ्यांचंच राहतं. त्या मुलाला निकोटिनचे दुष्परिणाम माझ्याइतकेच पाठ होते. त्याला थांबवू शकली असती ती बहीण, आणि ती माझ्या कुठल्याही भाषणात नव्हती.

आता पाणी कुठे मुरतंय ते बघायचं. व्यसन आधी की मनाचा त्रास आधी, हा वाद शाळेत घालू नये. रात्रभर डोकं चालू राहतं म्हणून मूल काहीतरी ओढतं, त्याने झोप आणखी बिघडते, दिवसा चिडचिड होते, चिडचिडीने मित्र तुटतात, एकटेपण वाढतं, आणि ते घालवायला पुन्हा तेच. कुठलं टोक आधी धरलं याने फारसा फरक पडत नाही. दोन्ही टोकं एकाच वेळी धरली पाहिजेत. 'आधी व्यसन सोड, मग नैराश्याचं बघू' असं सांगून परत पाठवलेली कितीतरी मुलं मी बघितली आहेत. त्यांना जे बरं करायचं होतं तेच त्यांना सोडू देत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटात जगात सातातल्या एकाला मानसिक आरोग्याची समस्या असते, आणि एकूण मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या १४ वर्षांआधी, तर निम्मे १८ वर्षांआधी डोकं वर काढतात. म्हणजे ही सगळी मुलं त्या वेळी कुठल्या ना कुठल्या वर्गात बसलेली असतात. 'हे शाळेचं काम आहे का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: उपचार करणं शाळेचं काम नाही. सर्वात आधी दिसणं मात्र शाळेतच होतं, आणि ज्याला दिसलं त्याच्यावर पुढची जबाबदारी येतेच.

शिक्षकांना पदार्थांची थोडी जाण असली तर मुलांबद्दलचे अर्धे गैरसमज जातात. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. सकाळी घरातून निघताना ओढून आलेला मुलगा तिसऱ्या तासाला बेचैन होतो, पाय हलवतो, उलट उत्तर देतो, पाण्याला जाऊ का म्हणतो. शिक्षकांच्या वहीत ते 'उद्धटपणा' म्हणून नोंदलं जातं. सोडायचं ठरवलं की दुसरा-तिसरा दिवस सर्वात वाईट, आणि पुढे दोन ते चार आठवडे चिडचिड, लक्ष न लागणं, भूक वाढणं चालू राहतं. याच काळात नेमकी चाचणी परीक्षा आली तर मुलगा परत ओढणार हे धरून चाला. गांजा रोज घेणाऱ्याने थांबवलं तर एक-दोन दिवसांत झोप उडते, भूक मरते, स्वप्नं त्रास देतात, पहिला आठवडा कठीण जातो. आणि व्हेप सापडलं म्हणजे त्यात निकोटिनच होतं असं धरू नका. त्याच उपकरणात गांजाचा अर्कही भरतात. मुलाला विचारा, बहुतेक मुलं सांगतात; पण त्यालाही माहीत नसण्याची शक्यता आहे.

रोज दारू पिणारं किंवा झोपेच्या, शामक गोळ्या रोज घेणारं मूल असेल तर 'आजपासून बंद' असं वचन त्याच्याकडून घेऊ नका. एकदम थांबवल्याने झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करायचं असतं. चांगल्या हेतूने घेतलेली शपथ इथे घातक ठरते.

चाचण्यांबद्दल. किशोरवयीनांसाठी 'क्राफ्ट' नावाची सहा प्रश्नांची सोपी चाळणी आहे, बोस्टनच्या बाल रुग्णालयातले डॉ. जॉन नाइट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तयार केलेली. नशा केलेल्या कुणाच्या गाडीत बसलास का, मन हलकं व्हावं किंवा चारचौघांत सामावता यावं म्हणून घेतोस का, एकटा असताना घेतोस का, नशेत केलेलं विसरलास का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, त्यापायी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी हवी. मी यातल्या 'एकटा असताना' या प्रश्नाकडे जास्त लक्ष देते. मित्रांमध्ये धीट दिसायला घेणारा मुलगा आणि दार लावून एकटा घेणारा मुलगा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या बाबतीत मी त्याच दिवशी मनाबद्दल विचारते.

एक धोक्याची सूचना. कागद भरून घेण्याआधी तो कागद आजच्या आज कोण वाचणार हे ठरवा. एका शाळेत उत्साहाने सगळ्या वर्गाकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली आणि गठ्ठा कपाटात ठेवला, समुपदेशक आल्यावर बघतील म्हणून. चार दिवसांनी मी तो उघडला. एका मुलीने 'मरून जावंसं वाटतं' या ओळीपुढे 'जवळजवळ रोज' वर खूण केली होती आणि पेन दोनदा गिरवलं होतं. चार दिवस ती वाट बघत होती की कुणीतरी आता विचारेल. तिच्या दृष्टीने तिने सांगून टाकलं होतं.

आत्महत्येबद्दल थेट विचारा. "जगणं नको वाटतं असं कधी मनात येतं का? स्वतःला संपवावं असं आलंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती शिक्षकांमध्ये खोलवर आहे, पण संशोधनात तसं आढळलेलं नाही. मुलं उलट सुटल्यासारखी बोलतात. उत्तर 'हो' असेल तर त्या क्षणापासून मूल एकटं राहणार नाही, पालक त्याच दिवशी येतील, घरातली औषधं, कीटकनाशकं आणि इजा होईल असं सगळं कुलपात जाईल आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच दिवशी होईल, निदान रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. 'यापुढे असं करणार नाही' असं लिहून घेणं निरुपयोगी आहे. त्याऐवजी बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेला सुरक्षा-आराखडा मुलाबरोबर बसून, त्याच्याच शब्दांत लिहा. वाईट वाटायला लागल्याची माझी खूण कोणती, स्वतः काय केलं की थोडं निभतं, कुणाजवळ किंवा कुठे जाऊन मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागायची, कुठल्या तज्ज्ञाला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. एक प्रत त्याच्या खिशात राहू द्या. मी एका मुलाला त्याच्या कंपासपेटीच्या झाकणात आतून चिकटवून दिली होती, कारण फोन शाळेत आणायला बंदी होती. अशा मुलाच्या बाबतीत नशेचा प्रश्न जास्तच गंभीर होतो. नशेत आवर सुटतो, आणि जो विचार रात्र उलटली की ओसरला असता तो कृतीत उतरतो.

गोपनीयतेचं आधी सांगा, नंतर नाही. मी बसतानाच म्हणते: "तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तीन वेळा मात्र मला दुसऱ्यांना सांगावं लागेल: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला असेल, किंवा तुला कुणी छळत असेल. तेव्हाही आधी तुला सांगेन, मग त्यांना." कायदा प्रत्येक ठिकाणी वेगळा, तो मुख्याध्यापकांनी आधीच नीट वाचून ठेवावा. पण शिक्षकखोलीतल्या गप्पांवर कुठलाच कायदा पोचत नाही. इतर शिक्षकांना एवढंच कळलं तर पुरे, की हा मुलगा काही दिवस तासातून दहा मिनिटं बाहेर जाईल, अडवू नका. का, ते त्यांना कळायची गरज नाही. चहाच्या वेळी त्याचं नाव निघालं की विषय बदलणारा एक ज्येष्ठ शिक्षक प्रत्येक शाळेत असावा.

पालकांना पहिला फोन मुलासमोर करा, किंवा तो काय असेल हे त्याला आधी सांगा. "तुमच्या मुलाकडे अमुक सापडलं, ताबडतोब या" असा फोन गेला की पालक शाळेत येण्याआधीच घरात हात उगारलेला असतो. मी असं बोलते: "तो सुखरूप आहे, माझ्याजवळ बसलाय. गेले काही महिने तो थकलेला दिसतोय, झोपत नाहीये. एक गोष्ट आज समोर आली आहे, आपण मिळून बोलू. तुम्ही येईपर्यंत त्याला काही बोलू नका, एवढं माझं ऐका." पालक आले की पहिला अर्धा तास त्यांचा. ते रडतील, एकमेकांना दोष देतील, 'आमच्या घरात असं कधी झालं नाही' म्हणतील. त्यांना शाळेकडून खरं तर एकच ऐकायचं असतं, की मुलाचं आयुष्य संपलेलं नाही. ते सांगा. क्वचित असंही निघतं की घरातच कुणाला व्यसन आहे, किंवा घरातली मारहाणच मुलाच्या रात्री खाऊन टाकते आहे. तशी शंका असेल तर घरी फोन करण्याआधी बालसंरक्षण यंत्रणेशी बोला. तो फोनच मुलाला धोक्यात घालू शकतो.

आता काय करू नये. एखादी घटना घडली की शाळा सभागृहात सगळ्यांना बसवून काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवते. घाबरवणारं व्याख्यान त्या दुपारपुरतं टिकतं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला 'डेअर' हा व्यसनविरोधी कार्यक्रम पोलिसांना वर्गात नेऊन अमेरिकाभर पसरला, आणि मुलांच्या प्रत्यक्ष वापरावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचं एकामागून एक मूल्यमापनांनी दाखवलं. शेवटी संस्थेला २००९ पासून अभ्यासक्रमच बदलावा लागला. अचानक लघवी तपासणीचंही तसंच. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१५ मध्ये शाळांत ती सरसकट राबवायला विरोध केला. 'वाया गेलेल्या' मुलांचा एक वेगळा गट करून त्यांना एकत्र बसवणं तर उलट अंगावर येतं. डिशियन, मॅककॉर्ड आणि पूलॅन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की अशा गटात मुलं एकमेकांच्या वाह्यात गोष्टींना हसून दाद देतात आणि बिघाड वाढतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असा गट चालवला होता. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोघांनी एकमेकांना नवा पुरवठादार गाठून दिला. तो गट मी त्याच दिवशी बंद केला आणि पुन्हा कधी केला नाही.

काम करणाऱ्या गोष्टी साध्या दिसतात. युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११,११० मुलांवर झालेल्या 'सेल' अभ्यासात, ज्यांना पाच तासांच्या भूमिकानाट्यातून आणि चर्चेतून ताण, नैराश्य, संकटातला मित्र यांवर बोलायला मिळालं, त्यांच्यात वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनागटाच्या जवळपास निम्म्यावर आले होते. हा निकाल २०१५ चा. पॅट्रिशिया कॉनरॉड यांचा 'प्रिव्हेंचर' कार्यक्रम मुलांना त्यांच्या स्वभावाच्या चार कलांनुसार (निराश होणं, भीतीच्या शारीरिक लक्षणांनी घाबरणं, आवेगाने वागणं, थराराची ओढ) दीड-दीड तासाच्या फक्त दोन बैठका देतो आणि त्यात नशेचा उपदेश जवळपास नसतो. स्वतःचा स्वभाव ओळखून तो कसा हाताळायचा एवढंच असतं. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांत त्याचे परिणाम चांगले आले आहेत. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यामागे भाषणं नव्हती. खेळ-संगीताला पैसे, पालकांनी मुलांबरोबर घालवलेला वेळ, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर मर्यादा आणि दरवर्षीचं सर्वेक्षण होतं.

पण जे ऐकायला छान ते उपयोगी असेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,००० हून अधिक मुलांवर अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्या शाळांत सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे दिले. २०२२ मध्ये निकाल आला की नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. म्हणून 'रोज सकाळी दहा मिनिटं ध्यान लावतो, झालं काम' असं कुणी म्हणालं की मी विचारते, मागच्या बाकावर झोपलेल्या त्या एकाशी कोण बोललं?

तुमच्याकडे समुपदेशक दोनच दिवस आहेत. अमेरिकेतली शाळा-समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक अशी शिफारस करते, आणि तिथेही बऱ्याच शाळांत ती पाळली जात नाही, तेव्हा माणूसबळाची वाट बघत बसू नका. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक ठेवा: मुख्याध्यापक, समुपदेशक, दोन शिक्षक. हजेरीपट समोर घ्या. कोण वारंवार आजारी पडतंय, कुणाचे गुण एकदम घसरले, कोण सोमवारीच येत नाही, कुणाचे मित्र बदलले. प्रत्येक नावापुढे एका मोठ्या माणसाचं नाव लिहा आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला विचारा, बोललात का. शिक्षकांकडून उपचाराची अपेक्षा ठेवू नका. लक्ष ठेवणं, एक वाक्य विचारणं आणि योग्य माणसापर्यंत हात धरून नेणं, एवढंच. 'हात धरून' हे शब्दशः घ्या. पालकांच्या हातात फोन नंबराची चिठ्ठी दिली की बहुतेकदा ती पाकिटातच राहते. शाळेतूनच फोन लावून वेळ ठरवून दिली, आणि आठवड्याने 'जाऊन आलात का' असं विचारलं, की जाणाऱ्यांची संख्या बदलते.

ज्या गोष्टीकडे जवळजवळ सगळ्या शाळा दुर्लक्ष करतात ती म्हणजे परतण्याचा दिवस. उपचार घेऊन, किंवा निलंबन संपवून मूल फाटकातून आत येतं तेव्हा त्याची पाठ्यपुस्तकं पंचवीस पानं मागे असतात आणि वर्गात त्याच्याबद्दलच्या सहा कहाण्या फिरत असतात. त्याआधी वीस मिनिटांची एक बैठक हवी: मूल, पालक, समुपदेशक, वर्गशिक्षक. चुकलेल्या अभ्यासातलं काय माफ आणि काय कधीपर्यंत. पहिला आठवडा अर्धा दिवस चालेल का. औषध दुपारी घ्यायचं असेल तर कुणाकडे, कुठे, कुणाला न दिसता. झोप येणारी औषधं असतील तर पहिल्या तासाच्या शिक्षकांना नुसतं 'त्याला उठवू नका' एवढं सांगणं. फारच घुसमट झाली तर कुठल्या खोलीत जायचं. आणि मुलं विचारतील 'कुठे होतास?' तेव्हा काय सांगायचं, हे त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. त्या बाही ओढणाऱ्या मुलाने दोन-तीन वाक्यं करून बघितली आणि शेवटी ठरवलं: "बरं नव्हतं. आता बरा आहे. तुझी वही देतोस का?" हे शेवटचं त्याचं स्वतःचं होतं. समोरच्याला वही काढावी लागते आणि दुसरा प्रश्न राहून जातो.

घसरण होईल हे गृहीत धरा. तुमचा मुलगा तीन आठवड्यांनी पुन्हा ओढताना सापडला तर संस्थाचालक म्हणतील, बघा, आम्ही सांगितलंच होतं. त्यांच्यासाठी उत्तर आधीच तयार ठेवा: आधी रोज होतं, आता तीन आठवड्यांत एकदा झालं. आणि मुलाला एवढंच विचारा, त्या दिवशी सकाळपासून काय काय घडलं. बहुतेकदा आदल्या रात्रीची न लागलेली झोप, एक भांडण, किंवा जुन्या मित्राचा फोन निघतो. तेवढं सुरक्षा-आराखड्यात लिहून घ्या, पुढची वेळ ठरवा, आणि पुढच्या तासाला त्याला वर्गात सोडून या.